यंत्राचा पट्टा किती ताणावा ?



शिवणयंत्राची चामड्याची वादी सैल पडली म्हणजे चाक फिरतें पण सुई हलत नाहीं, हें आपण घरोघरीं पाहिलेलें असतें. मग वादी थोडी कापून आंखूड केली कीं काम पुन्हां सुरू होतें. या अनुभवावरून आपण एक समजूत करून घेतों : पट्टा जितका ताठ, तितका चांगला. लहान कारखान्यांतील पुष्कळ यंत्रांचें आयुष्य या एका समजुतीनें कमी होतें.

पट्टा काम कसें करतो तें प्रथम पाहूं. यंत्र चालू असतां पट्ट्याची एक बाजू ताणली जाते व दुसरी सैलावते. या दोन ताणांची जी वजाबाकी, तिच्यामुळें पुली फिरते. परंतु दोहोंची बेरीज मात्र शाफ्टवर आणि बेअरिंगवर भार म्हणून पडते. समजा, एका बाजूस ३० किलो व दुसरीस १० किलो ताण आहे. वजाबाकी २०, बेरीज ४०. पट्टा आवळून तेच ताण ५० आणि ३० केले, तर काम पूर्वीइतकेंच, २० चें. भार मात्र ८० चा, म्हणजे दुप्पट. आणि बॉल बेअरिंगवरील भार दुप्पट झाला कीं त्याचें आयुष्य सुमारें आठव्या हिश्श्यावर येतें.

याचा अर्थ पट्टा सैल ठेवावा असा नव्हे. सैल पट्टा घसरतो, तापतो, त्याच्या कडा कांचेसारख्या गुळगुळीत होतात आणि मग तो अधिकच घसरतो.

लहान यंत्रांवर आज बहुधा व्ही आकाराचा पट्टा असतो. तो खोबणींत पाचरीसारखा बसून दोन्ही कडांनीं पकड घेतो, तळानें नव्हे. ३८ अंशांच्या खोबणींत ही पकड सपाट पट्ट्याच्या सुमारें तिप्पट होते. म्हणून त्यास सपाट पट्ट्याइतकें आवळण्याचें कारण नसतें.

माझीच एक चूक सांगतों. एका छोट्या कारखान्यांत ड्रिलचा पट्टा किंचाळूं लागला. मीं तो आवळला. पुन्हां किंचाळला, पुन्हां आवळला. कांहीं आठवड्यांत बेअरिंग घरघरूं लागलें. उघडून पाहतों तों पुलीची खोबणी झिजून पट्टा तळाला टेकलेला ! दोष पुलीचा होता. शिक्षा मीं बेअरिंगला दिली.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम वीज पूर्णपणें तोडावी. नुसत्या बटणावर विसंबून पट्ट्याला हात लावूं नये. पट्टा व खोबणी यांवरील तेल पुसावें. दोन्ही पुल्या एका रेषेंत आहेत कीं नाहींत, तें दोरी ताणून पहावें. नवा पट्टा स्क्रू-ड्रायव्हरनें उचकटून चढवूं नये, त्यानें आंतील दोरे तुटतात; मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढें घ्यावी.

नंतर पट्टा दोन्ही पुल्यांवर जेथें टेकतो त्या बिंदूंमधील सरळ अंतर मोजून त्याचा ६४ वा हिस्सा काढावा. अंतर ६४ सेंटिमीटर असेल तर हा हिस्सा १ सेंटिमीटर. मध्यभागीं स्प्रिंगचा काटा अडकवून पट्टा तेवढाच वांकेपर्यंत काटकोनांत ओढावा, व काट्यावर किती वजन दिसतें तें पहावें. तें किती असावें हें पट्ट्याच्या आकारावर व लहान पुलीच्या व्यासावर अवलंबून असतें, आणि पट्टा बनविणाऱ्यांच्या तक्त्यांत दिलेलें असतें. वजन कमी भरल्यास मोटर मागें सरकवावी, अधिक भरल्यास पुढें आणावी. नवा पट्टा खोबणींत बसतांना सैलावतो. म्हणून २४ ते ४८ तासांच्या कामानंतर तो पुन्हां मोजावा.

सारांश, यंत्रावर पूर्ण बोजा असतांही पट्टा घसरत नाहीं असा कमींत कमी ताण, तोच योग्य ताण. पट्टा किंचाळला तर पाना उचलण्यापूर्वीं एकदां पुलीकडे पहावें, एवढीच विनंती.