तबकडी फोडायची बंदूक: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की रायफलच आठवते. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे, सगळे रायफलवाले. शॉटगनची, म्हणजे उडत्या तबकड्या छऱ्यांनी फोडण्याची परंपरा उत्तरेकडची: बिकानेरच्या करणी सिंहांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं, तर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं. त्यामुळे आपल्याकडे ट्रॅप किंवा स्कीट शिकू पाहणाऱ्याला बंदुकीबद्दलचा सल्ला मिळतो तो बहुधा शिकारीच्या गप्पांमधून, आणि त्यातला निम्मा तरी चुकीचा असतो.

सर्वांत लाडका समज म्हणजे, छरे पसरतात, मग नेम कशाला लागतो! ऑलिंपिक प्रकारात काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छरे चालतात, म्हणजे काही शे दाणे. तबकडी ११० मिलिमीटरची आणि पळती. स्कीटमध्ये मधल्या जागेवरून ती आडवी जाते तेव्हा नळी तिच्या मीटरभर पुढे चालवावी लागते, तरच छरे आणि तबकडी एका जागी भेटतात.

‘लांब नळी लांब मारते’ हेही असंच. आजची दारू नळीच्या पहिल्या टप्प्यातच जळून जाते. दोन-चार इंच वाढवल्याने वेगात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. ट्रॅपवाले ३० ते ३२ इंची नळी घेतात ती बंदूक एका लयीत फिरावी म्हणून. स्कीटला झटपट वळावं लागतं, तिथे २८ ते ३० इंच पुरते. चोकचंही, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या आकुंचनाचंही, तसंच. स्कीटची तबकडी वीसेक मीटरवर फुटते, तिथे घट्ट चोक लावणं म्हणजे छऱ्यांचं वर्तुळ उगाच लहान करून घेणं. घट्ट चोक शोभतो ट्रॅपला, कारण तिथे तबकडी नेमबाजापासून दूर पळत असते.

मुलींना आणि किरकोळ अंगाच्या मुलांना ‘हलकी वीस बोअर घ्या’ असं सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण छऱ्यांचा भार आणि वेग तोच ठेवला तर हलकी बंदूक खांद्याला जास्त धक्का देते. स्पर्धेच्या बारा बोअर बंदुका साडेतीन-चार किलोच्या असतात, त्या याच कारणाने अंगाला बऱ्या पडतात. ताकदीचा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी १९९२चं बार्सिलोना आठवावं. स्कीटमध्ये तेव्हा स्त्री-पुरुष एकत्र खेळत. चीनच्या झांग शानने अंतिम फेरीपूर्वीच्या २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या आणि सुवर्णही नेलं.

कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची आजोबांची दुनळी अनेक घरांत असते. तिने सराव होईल का? खेळाच्या नियमात बसते, पण हलकी असते, लवकर तापते. शिवाय जुन्या विलायती बंदुकांचं काडतूसघर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची काडतुसं ७० मिलिमीटरची. तशी बंदूक जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय चालवूच नये. नळीतला दाब धोकादायक वाढू शकतो.

आता किमतीचा मुद्दा. पेराझी, बेरेटा, क्रीगहॉफ ही नावं घेताना लोकांचा आवाज बदलतो. बंदुका उत्तमच आहेत. हजारो फैरींनंतरही सांधा ढिला पडत नाही, याचे पैसे लागतात. पण शॉटगनला मागची माशी नसते, ते काम डोळा करतो. म्हणून डोळा कुठे बसतो यावर सगळं ठरतं, आणि तो बसतो दस्त्यामुळे. हिशेब साधा आहे: डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत अंतर साधारण एक मीटर. गालाखालचा दस्ता ३ मिलिमीटर उंच झाला, तर ३५ मीटरवर छरे दहा सेंटिमीटर वर जातात, जवळपास अख्ख्या तबकडीएवढे. बेताची बंदूक अंगाला बसणारी असली, तर ती न बसणाऱ्या महागड्या बंदुकीपेक्षा जास्त तबकड्या फोडेल, यात मला शंका नाही.

पारख दुकानातही होते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घ्या, कोणी समोर नसलेल्या भिंतीकडे तोंड करा, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ, किंचित वरून दिसली तर बंदूक तुमची. नुसतं नळीचं बूड दिसलं किंवा पट्टी तिरकी पळाली तर नाही. त्याआधी तुमचा कोणता डोळा हुकमी आहे तेही तपासा: दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर अंगठा खांबावरून सरकतो, तो हुकमी.

परवाना हातात नसेल तर खरेदीची घाई करूच नका, त्याशिवाय ती होतही नाही. साध्या परवानाधारकाला २०१९च्या दुरुस्तीपासून दोनच बंदुका ठेवता येतात; खेळाडूंना वेगळी सवलत आहे. परवाना मिळेपर्यंत क्लबच्या बंदुका हाताळून आपली मापं कळतात. सेकंडहँड घेताना आधीच्या मालकाने दस्ता कापून आखूड केलाय का ते पाहा. लांबी पॅड लावून वाढवता येते. डावखुऱ्यांनी दस्ता कोणत्या बाजूला झुकवलाय हेही बघावं, कारण बाजारातल्या बहुतेक बंदुका उजव्या खांद्यासाठी असतात आणि तो झुकाव बदलून घेणं हे कसबी कारागिराचं काम आहे.