दोन चॅनेल पाहिले की खरं कळतं?

ज्या वृत्तपत्राला ठाम मत आहे त्याच्या बातमीवर विश्वास ठेवू नये, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात तरी हा समज टिकू नये. 1881 मध्ये निघालेल्या ‘केसरी’ला मत होतंच. त्याचे पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी पटेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढलं. कोणतं पत्र कोणत्या बाजूचं, हे वाचकाला ठाऊक होतं. मत उघड असलं की ते वजा करून वाचता येतं. घात होतो तो मत बातमीच्या वेषात आल्यावर. ‘सूत्रांची माहिती’ अशी पट्टी फिरते, मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं. चॅनेल काहीच ठामपणे म्हणत नाही, पण बघणाऱ्याच्या मनात मथळ्यातली गोष्ट घडून गेलेली असते.

दुसरा समज चांगल्या शिकलेल्या लोकांतही भेटतो: इकडचं एक चॅनेल पाहायचं, तिकडचं एक पाहायचं, खरं मध्ये कुठेतरी असतं. नोव्हेंबर 2016 आठवा. दोन हजारांच्या नव्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी नोट सापडेल, असं टीव्हीवर सांगितलं जात होतं. चिप असते किंवा नसते. इथे मधलं काही नाही. आणि ते ठरवायला दुसऱ्या चॅनेलची गरजही नव्हती. 8 नोव्हेंबरलाच रिझर्व्ह बँकेचं प्रसिद्धिपत्रक आलं होतं. मागच्या बाजूला मंगळयान, नोट कलती केल्यावर हिरव्याचा निळा होणारा सुरक्षा धागा, अंध व्यक्तींसाठी उठावाच्या खुणा, असं एकेक वैशिष्ट्य त्यात लिहिलेलं होतं. चिपचा उल्लेख नव्हता. ते पत्रक वाचायला पाच मिनिटं पुरली असती, स्टुडिओतल्या निवेदकालाही.

‘सगळीकडे तेच दाखवतायत’ हाही पुरावा नव्हे. 8 मे 2025 च्या रात्री अनेक चॅनेलवर एकच बातमी होती: भारतीय नौदलाचा कराची बंदरावर हल्ला. 11 मे रोजी नौदलाच्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं ते इतकंच, की कराचीसह निवडक लक्ष्यांवर मारा करण्याची पूर्ण तयारी होती. दहा चॅनेल एकमेकांकडे बघून बोलत असतील, तर साक्षीदार दहा होत नाहीत.

मग ‘सगळेच विकले गेलेत’ म्हणून बातम्याच सोडून देणारेही आहेत. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण रिकामी जागा व्हॉट्सॲपवरचे निरोप भरतात. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याआधी ती अफवा मोबाइलवरून फिरत होती.

‘प्रेस कौन्सिल आहे ना’ हा भरवसाही असाच एक फसवा समज. तिच्या कक्षेत वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्था येतात, टीव्ही नाही. आणि तिला ताशेरे ओढता येतात, दंड करता येत नाही. चॅनेलबद्दल तक्रार असेल तर ती आधी त्या चॅनेलकडेच लेखी करायची, तारीख, वेळ आणि कार्यक्रमाचं नाव टाकून. समाधान झालं नाही तर वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने स्वतः नेमलेल्या प्राधिकरणाकडे जाता येतं, मात्र ते चॅनेल त्या संघटनेचं सभासद असेल तरच.