आळ तिखटावर, दोष जिवाणूचा

नागपुरात पोटात जळजळ सुरू झाली की पहिला संशय तिखटावर जातो. सकाळचे तर्री-पोहे, रविवारचं सावजी मटण, भिवापुरी मिरचीचा ठेचा. ‘इतकं तिखट खाल्लं तर अल्सर होणारच,’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं. मग तिखट बंद होतं, थंड दूध सुरू होतं आणि दुखणं तसंच राहतं.

हा आळ डॉक्टरांनी तपासून पाहिला आहे. जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागात अल्सर झालेल्या रुग्णांवरचा दिल्लीतला एक अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आम्लशामक औषध दिलं गेलं आणि निम्म्यांच्या जेवणात रोज ३ ग्रॅम लाल तिखट घातलं गेलं. दोन्ही गटांतल्या जखमा जवळपास सारख्याच भरून आल्या. तिखट जखमेला झोंबतं, त्रास वाढवतं, पण जखम करत नाही. आंबट संत्र्यावरचा आळही तसाच खोटा. आपल्या जठरातलं आम्ल संत्र्याच्या रसापेक्षा कितीतरी पट तीव्र असतं.

एवढं तीव्र आम्ल जठराला जाळत नाही, कारण आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. आम्ल मारणारा क्षार त्यात सतत झिरपतो आणि झिजलेल्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात. हे संरक्षण कोलमडलं की अस्तराला खोल जखम होते. तोच अल्सर. कोलमडण्याची मुख्य कारणं दोन.

पहिलं कारण : हेलिकोबॅक्टर पायलोरी

आम्लात जिवाणू जगूच शकत नाहीत, असं वैद्यकशास्त्र अनेक दशकं मानत होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना मात्र रुग्णांच्या जठरात नागमोडी जिवाणू दिसत होते. ते प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत नमुन्यांच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जिवाणू वाढलेले दिसले. तरीही कुणी मानेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जिवाणू स्वतः प्यायले. काही दिवसांतच त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जिवाणू युरिएज नावाचं विकर तयार करतो. त्यामुळे युरियाचा अमोनिया होतो आणि जिवाणूभोवतीचं आम्ल मरतं. तपासणीतही हीच खूण उपयोगी पडते. दुर्बिणीने अस्तराचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा काढून युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जेल गुलाबी झालं, की जिवाणू आहे. श्वासाची किंवा शौचाची चाचणी करूनही तो सापडतो. भारतात याचा संसर्ग बहुधा लहानपणी, घरातच होतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, पण काहींना अल्सर होतो आणि मोजक्यांना पुढे जठराचा कर्करोग.

दुसरं कारण : दुखण्यावरची गोळी

गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी वेदना थांबवते. त्याचबरोबर अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यंही ती अडवते. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांचं हे काम शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं. महिनोन्‌महिने रोज अशी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी डॉक्टरांशी याबद्दल बोललंच पाहिजे. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र कुणीही स्वतःहून बंद करू नये.

घरचे उपाय कितपत?

दुधाने घटकाभर बरं वाटतं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. खाण्याच्या सोड्याचा आरामही तेवढ्यापुरताच, शिवाय रक्तदाब असलेल्यांच्या पोटात नको तेवढं सोडियम जातं.

ज्येष्ठमधाची गोष्ट वेगळी. त्यातल्या द्रव्यापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये अल्सरवर खरोखर वापरलं जात होतं. श्लेष्म्याचा थर त्याने बळकट होई. पण त्याने रक्तदाब वाढे आणि रक्तातलं पोटॅशियम घटे, म्हणून पुढे ते मागे पडलं. रोज चमचाभर ज्येष्ठमध पूड खाणाऱ्यालाही हाच धोका असतो. कच्च्या केळ्याच्या पिठावर बनारस हिंदू विद्यापीठात प्रयोग झाले आणि उंदरांच्या जठराचं अस्तर त्याने मजबूत झालेलं दिसलं. माणसांतला अल्सर त्यावर सोपवण्याइतका हा पुरावा नाही.

केळं, ताक, मऊ भात, वेळेवर जेवण यांनी पोटाला आराम पडत असेल, तर ते जरूर घ्यावं. बिडी-सिगारेट सोडणं हा तर सगळ्यांत मोठा घरचा उपाय, कारण धूम्रपानाने जखम भरायला उशीर लागतो. पण यातलं काहीही जिवाणूला मुळासकट काढत नाही. खरा धोका इथेच आहे. आराम पडतो, तपासणी लांबते आणि जखम आत खोल जात राहते.

जिवाणू सापडला तर आम्ल कमी करणारं औषध आणि प्रतिजैविकं, सहसा १४ दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. भारतात ही अडचण आधीच मोठी आहे. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जिवाणू गेल्याची खात्री करावी.

शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, अचानक असह्य दुखून पोट कडक होणं, यांपैकी काहीही झालं तर रुग्णाला थेट नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावं. विनाकारण वजन घटत असेल, किंवा उतारवयात पोटदुखी नव्यानेच सुरू झाली असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नये. एकेकाळी या आजारासाठी जठराचा भाग कापून काढावा लागे. आज बहुतेकांचा अल्सर गोळ्यांनी कायमचा बरा होतो. त्यासाठी आधी कारण शोधायला हवं.