निवळीतील प्रथिनांची भुकटी : एक आहारशास्त्रीय परिचय

श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले असता जे पिवळसर पाणी गळते, त्यास निवळी म्हणतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांत ‘व्हे प्रोटीन’ या नावाने परिचित असलेल्या भुकटीचे मूळ हेच द्रव्य होय. रत्नागिरीसारख्या शहरातील कुटुंबांनाही आता हा खर्च नवा राहिलेला नाही. म्हणूनच या भुकटीचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते, तर उरलेली २० टक्के निवळीतील प्रथिने असतात. चीज तयार करताना केसीन साकळते. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन इत्यादी प्रथिने मात्र पाण्यात विरघळलेलीच राहतात. आपण दूध उकळून विरजतो. उष्णतेने या प्रथिनांची घडी मोडते, ती केसीनला चिकटतात आणि बव्हंशी चक्क्यातच राहतात. घरच्या निवळीत त्यामुळे दुग्धशर्करा व क्षारच अधिक सापडतात. ती कणकेत घालावी हे उत्तम. तिने दंड भरतील अशी अपेक्षा धरू नये.

चीजच्या कारखान्यांतील निवळी पूर्वी ओढ्यानाल्यांत सोडली जाई किंवा जनावरांना पाजली जाई. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ती गाळण्याचे तंत्र आल्यावर या टाकाऊ पदार्थास मोल आले. गाळून वाळविलेल्या ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये प्रथिनांचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत असते. ‘आयसोलेट’मध्ये ते सुमारे ९० टक्के असून दुग्धशर्करा अत्यल्प असल्याने दूध न पचणाऱ्यांस ते अधिक सोसते. ही प्रथिने लवकर पचतात व त्यांत स्नायूंच्या बांधणीस चालना देणारे ल्युसीन हे अमिनो आम्ल विपुल असते. भुकटीचा हा गुण निर्विवाद आहे.

वादाचा मुद्दा डब्यावरील आकड्याचा आहे. प्रथिने मोजण्याच्या रूढ पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो. ही पद्धत योहान केल्डाल यांनी १८८३ साली कोपनहेगन येथे शोधली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेल्या आकड्यास सामान्यतः ६.२५ ने (दुधासाठी ६.३८ ने) गुणतात. आता ग्लायसीन हे स्वस्त अमिनो आम्ल घ्या. त्यात नायट्रोजन सुमारे १८.७ टक्के असतो. म्हणजे एक ग्रॅम ग्लायसीन या हिशेबात १.१७ ग्रॅम ‘प्रथिन’ म्हणून नोंदले जाते! चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेल्या मेलामाइनयुक्त दूधभुकटीच्या प्रकरणात याच उणिवेचा गैरफायदा घेतला गेला होता. ही शंका केवळ तात्त्विक नाही. केरळमधील डॉ. सिरिअ‍ॅक ॲबी फिलिप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील ३६ प्रथिनपूरके तपासून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ७० टक्के पूरकांवरील प्रथिनांची माहिती अचूक नव्हती, तर सुमारे १४ टक्के पूरकांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन आढळले. डबा घेताना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक पाहावाच; परंतु घटकांच्या यादीत ग्लायसीन किंवा टॉरीन स्वतंत्रपणे नोंदले आहे काय, हेही वाचावे.

गरज किती, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने दररोज पुरतात. जड व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणतज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम सुचवितात. मात्र याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके टाळण्याचा सल्ला आहे. एका मापातील भुकटीत साधारण २४ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच सव्वाशे ग्रॅम बांगड्यातून मिळतात, आणि शंभर ग्रॅम कुळथातून सुमारे २२ ग्रॅम. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ राहणाऱ्या मत्स्याहारी तरुणास डब्याची निकड क्वचितच भासावी. शाकाहारी खेळाडू, अन्नावरील वासना उडालेले वृद्ध किंवा शस्त्रक्रियेतून सावरणारे रुग्ण यांची गोष्ट निराळी. त्यांना भुकटीचा खरा उपयोग होऊ शकतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून ती घेऊ नये, आणि दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती वर्ज्यच मानावी.