समुद्रशैवालांची तुरट ढाल

शिकारी समोर आला की हरणाला पळता येतं, कासवाला पाठीखाली मान ओढून घेता येते. पण खडकाला घट्ट धरून वाढणाऱ्या समुद्रशैवालानं काय करावं? त्याला ना पाय, ना बाभळीसारखे काटे. भोवती खाणारे मात्र पुष्कळ: मासे, गोगलगायी आणि काटेरी चेंडूसारखे दिसणारे सी अर्चिन. तरीही समुद्रतळावर शैवालांची रानंच्या रानं उभी आहेत. ती कशी तगली, याचं एक उत्तर रसायनशास्त्रात सापडतं. आज मला त्याविषयी सांगायचं आहे.

हिरडा चघळला की तोंड कसं आवळून येतं, ते आठवा. ही करामत टॅनिन नावाच्या द्रव्यांची. लाळेतल्या प्रथिनांना ती चिकटतात आणि जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते. तपकिरी समुद्रशैवालांत याच धर्तीची द्रव्यं असतात, त्यांना फ्लोरोटॅनिन म्हणतात. मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दिसणारं सरगॅसम हेही याच तपकिरी कुळातलं. फ्लोरोटॅनिन भरपूर असलं की अनेक प्राण्यांना ते शैवाल नकोसं होतं.

मग तुम्ही विचाराल, सगळीच शैवालं ही द्रव्यं भरभरून का बनवत नाहीत? कारण ती फुकट मिळत नाहीत. त्यांच्यासाठी लागणारा कार्बन आणि ऊर्जा वाढीच्या वाट्यातूनच काढावी लागते. दाराला दहा कुलपं लावायची तर घरखर्चाला कात्री लागणारच!

म्हणून काही शैवालं गरजेपुरताच खर्च करतात. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गुनिला टोथ आणि हेन्रिक पाविया यांनी ॲस्कोफायलम या तपकिरी शैवालावर प्रयोग केले. ते 2000 साली प्रसिद्ध झाले. एका जातीच्या लहानशा गोगलगायी शैवाल कुरतडू लागल्या, तसं त्यातलं फ्लोरोटॅनिन वाढलं. माणसानं कृत्रिम जखमा केल्या, तेव्हा मात्र ते वाढलं नाही. म्हणजे नुसती जखम आणि खरा शत्रू यांतला फरक शैवालाला कळतो! त्याहून नवलाची गोष्ट अशी, की कुरतडलेल्या शैवालाकडून वाहत आलेलं पाणी मिळताच शेजारचं, अजून कुणी तोंड न लावलेलं शैवालही सावध झालं. त्यानंही आपलं फ्लोरोटॅनिन वाढवलं.

पण घराबाहेर कुणी फुकटात पहारा देत असेल तर? मग कुलपांवर खर्च करायचाच कशाला? उत्तर पॅसिफिक महासागरात नेमकं हेच घडलं असावं. तिथल्या किनाऱ्यांवर केल्प नावाच्या उंच तपकिरी शैवालांची जंगलं आहेत आणि त्यांत समुद्री पाणमांजरं राहतात. दाट फर असलेला हा प्राणी रोज आपल्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा अन्न खातो आणि सी अर्चिन हे त्याचं आवडतं खाणं. पीटर स्टाइनबर्ग, जेम्स एस्टिस आणि फ्रँक विंटर यांनी 1995 साली या भागाची तुलना ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी केली. तिकडे पाणमांजरासारखा पहारेकरी नाही. तिथल्या तपकिरी शैवालांत फ्लोरोटॅनिन कितीतरी पटींनी जास्त आढळलं. अर्थात तिथले शैवाल खाणारे प्राणीही त्या तुरटपणाला बरेच सरावलेले निघाले! उत्तर पॅसिफिकमध्ये मात्र केल्प मवाळ आणि अर्चिनही कच्चे. फ्लोरोटॅनिनची मात्रा जरा वाढली की ते खाणं टाळतात. तिथेही आगारम नावाचं एक शैवाल चांगलंच तुरट आहे. ते वाढतं खोल पाण्यात, जिथे पाणमांजरं क्वचितच पोहोचतात.

या हिशेबात माणूस शिरला आणि गणित बिघडलं. 1741 मध्ये बेरिंगची मोहीम अलास्काकडे गेली. तिथून आलेल्या फरचा बोलबाला झाला आणि पाणमांजरांची बेसुमार शिकार सुरू झाली. 1911 मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने त्यांना संरक्षण मिळालं, तोवर ती जेमतेम दोनेक हजार उरली होती. पहारेकरी गेले आणि बिनकुलपाचं घर उघडं पडलं. एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी 1974 मध्ये अल्यूशियन बेटांचं चित्र मांडलं. अमचिटका बेटाभोवती पाणमांजरं परतली होती, तिथे केल्पची दाट रानं होती. शेम्या बेटाभोवती ती नव्हती. तिथे तळावर अर्चिनच अर्चिन होते आणि केल्प जवळजवळ नाहीसं झालं होतं. पुढे 1990च्या दशकात त्या बेटांजवळची पाणमांजरं पुन्हा झपाट्यानं घटली. किलर व्हेल त्यांना खाऊ लागल्याचा निष्कर्ष एस्टिस आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये काढला. अर्चिन पुन्हा माजले, केल्प पुन्हा घटलं.

गोगलगायीचा हल्ला ओळखून काही आठवड्यांत तुरट होणं शैवालाला जमतं. पण हजारो पिढ्या ज्या पहाऱ्याच्या भरवशावर काढल्या, तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांत उठला तर नवी ढाल घडवायला त्याला सवड कुठून मिळणार? केल्पच्या रानात मासे आसरा घेतात, पिलं वाढतात. ते रान राखायचं तर निव्वळ शैवाल राखून भागत नाही. अर्चिन खाणारं पाणमांजरही राखावं लागतं.