पोस्टाची रजिस्ट्री आता स्पीड पोस्टात; खिडकीवर 'रजिस्ट्रेशन करा' म्हणायला विसरू नका

जालना : पोस्टाच्या खिडकीवर पाकीट सरकवायचं आणि "एक रजिस्ट्री करा" म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. तहसीलला अर्ज, बँकेला पत्र, विमा कंपनीकडं तक्रार, भावकीच्या वादातली वकिलाची नोटीस, सगळं रजिस्ट्रीनंच जायचं. (खरेदीखताची रजिस्ट्री वेगळी. इथं पोस्टाच्या रजिस्ट्रीबद्दल बोलतोय.) ही रजिस्ट्री वेगळी सेवा म्हणून आता राहिलेली नाही. २०२५ मध्ये टपाल खात्यानं ती स्पीड पोस्टात विलीन केली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले.

ही बातमी आली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर भलतंच फिरलं. कुणी म्हणालं पोस्ट बंद होणार, कुणी म्हणालं लाल पेट्या उचलणार. २०१३ च्या जुलैत तार बंद झालेली लोकांच्या लक्षात आहे, म्हणून विश्वासही बसला. पण तसं काही झालेलं नाही. साधं पत्र, पोस्टकार्ड, लाल पेटी सगळं आहे तिथंच आहे. बदल झालाय तो फक्त रजिस्ट्रीत. मात्र तो बदल नीट समजून घेतला नाही तर ऐन वेळी कागद भलत्याच हातात जाऊ शकतो.

जुन्या पद्धतीत दोन सेवांमध्ये एक मोठा फरक होता. रजिस्ट्री माणसाच्या नावावर जायची. ज्याचं नाव पाकिटावर, त्याच्याच हातात, नाहीतर त्यानं लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्या हातात. स्पीड पोस्ट १९८६ साली सुरू झालं ते वेगासाठी, आणि ते पत्त्यावर जातं. घरात जो सापडला त्यानं सही करून घेतलं तरी चालतं. आता दोन्ही एक झाल्यावर ही नावावर देण्याची हमी आपोआप मिळत नाही. ती 'रजिस्ट्रेशन' म्हणून जादा सेवा झाली आहे. त्याला ५ रुपये आणि वर जीएसटी. म्हणजे नुसतं "स्पीड पोस्ट करा" म्हटलं तर पाकीट जलद जाईल, पण ते साहेबाच्या टेबलावर गेलं की दारातल्या शिपायानं घेतलं हे सांगता येणार नाही. "स्पीड पोस्ट करा, रजिस्ट्रेशनसह" असं पूर्ण म्हणायचं. पोच हवी असेल तर तीही वेगळी सांगायची. पावती मिळाली की खिडकीवरून हलायच्या आधी त्यावर रजिस्ट्रेशनचे पैसे लागलेत का ते बघून घ्यायचं.

आता पैशाचं. पूर्वी २० ग्रॅमपर्यंतची रजिस्ट्री जीएसटी धरून २५ रुपये ९६ पैशांत व्हायची. नव्या दरात ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट देशात कुठंही पाठवा, ४७ रुपये. त्यात रजिस्ट्रेशनचे ५ धरले तर ५२, आणि १८ टक्के जीएसटी लावून ६१ रुपये ३६ पैसे. एका कागदाचा साधा अर्ज पाठवणाऱ्याला हा दुपटीपेक्षा जास्त भुर्दंड आहे, यात वादच नाही. पण दुसरी बाजूही बघावी लागते. जुनी रजिस्ट्री दर २० ग्रॅमला ५ रुपयांनी वाढायची, त्यामुळं ५० ग्रॅमचं पाकीट तेव्हाही ३७ रुपये ७६ पैशांना पडायचं. जाड पाकीट पाठवणाऱ्याला फरक कमी जाणवेल, पातळ पाकीटवाल्याला जास्त.

'लोकल'चा दर १९ रुपये आहे, पण तो त्याच शहरातल्या टपालासाठी. गावातून तालुक्याला किंवा जालन्याला पाठवलेलं पाकीट लोकलमध्ये धरतात का, हे पैसे देण्याआधी खिडकीवर विचारून घ्यावं. ५० ग्रॅमच्या पुढं वजन गेलं की अंतर मोजलं जातं. २५० ग्रॅमपर्यंत २०० किलोमीटरच्या आत ५९ रुपये, ५०० किलोमीटरपर्यंत ६३ रुपये, जीएसटी वेगळा. छत्रपती संभाजीनगर पहिल्या टप्प्यात येतं, पुणे दुसऱ्या. ए-फोर आकाराचा साधा कागद साधारण पाच ग्रॅमचा असतो. सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स, आधार असे दहा कागद झाले की पाकीट धरून ५० ग्रॅम ओलांडतात. झेरॉक्स पाठपोट काढली तर तेच कागद खालच्या दरात बसतात. विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टात १० टक्के सूट ठेवली आहे, तीही मागितल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नये.

पाठवणाऱ्याचं झालं. येणाऱ्या टपालाचं प्रकरण याहून नाजूक आहे.

गावात अजून एक समज पक्का आहे : नोटीस घेतलीच नाही तर ती लागू होत नाही. पोस्टमन आला की "घरी नाहीत म्हणून सांगा" असा आतून आवाज येतो. हा समज चुकीचा आहे आणि महागात पडतो. योग्य पत्त्यावर, पैसे भरून रजिस्ट्रीनं पाठवलेला कागद पोहोचला असं कायदा गृहीत धरतो. सामान्य कलमे अधिनियम १८९७ च्या कलम २७ मध्ये ही तरतूद आहे. चेक बाउन्सच्या नोटिशीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये अलवी हाजी खटल्यात हेच धरलं. दिवाणी दाव्याचं समन्स तर स्पीड पोस्टानंही पाठवता येतं, आणि 'घेण्यास नकार' असा शेरा पडून ते परत गेलं तर न्यायालय बजावणी झाली असं जाहीर करू शकतं. चेक बाउन्सची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. पाकीट न घेणाऱ्याचे ते १५ दिवस पाकीट न उघडताच निघून जातात. पैशाची सोय करायची तर त्याच दिवसांत करता आली असती.

यात सगळ्यात जास्त अडचण आहे तोडीला जाणाऱ्यांची. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घराला कुलूप, नाहीतर दारात म्हातारी आणि शाळेतलं पोरगं. रजिस्ट्रेशन नसलेलं स्पीड पोस्ट आलं तर आजी अंगठा करून घेईल आणि पाकीट देवळीत ठेवील. कागदोपत्री ते पोहोचलं. ज्याचं आहे तो मात्र कारखान्याच्या फडात. रजिस्ट्रेशन असलं तर पोस्टमन दुसऱ्याला देणार नाही, पण माणूस मिळाला नाही म्हणून ठरावीक दिवसांनी पाकीट परत जाईल. दोन्हीकडून अडचणच. यावर उपाय तोडीला निघायच्या आधीच करावा लागतो. आपलं टपाल कोणी घ्यायचं याचं लेखी अधिकारपत्र गावच्या पोस्टात देऊन ठेवता येतं, किंवा टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज देता येतो. आणि घरच्यांना एवढंच सांगायचं की पाकीट आलं की फोडून फोटो मोबाईलवर पाठवा, तारीख त्यावर लिहून ठेवा.

नव्या पद्धतीत ओटीपी दाखवून टपाल घेण्याचीही सोय आली आहे. त्यालाही पाठवणाऱ्याला ५ रुपये आणि जीएसटी जादा पडतो. पाकीट ज्याच्या नावावर त्याच्या मोबाईलवर आकडा येतो, तो पोस्टमनला सांगितला की टपाल हातात. शहरात ठीक आहे. गावात एक मोबाईल चौघांत, त्यात रेंजसाठी गच्चीवर चढायचं. त्यामुळं पाठवताना समोरच्याचा चालू नंबर लिहिलाय का, हे दोनदा बघावं. आणि हा ओटीपी फक्त दारात आलेल्या पोस्टमनलाच सांगायचा. "पोस्टातून बोलतोय, पार्सल अडकलंय, लिंक दाबा" असा फोन किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजून बंद करावा.

पत्ता लिहिण्यातही आपण कमी पडतो. "मु.पो. अमुक, जि. जालना" एवढ्यावर पाकीट सोडून देतो. पिनकोडचे सहा आकडे हवेतच. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित होते. जालना शहराचा पिन ४३१२०३, पण तोच आकडा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाला लावून भागत नाही. प्रत्येक गावाचा पिन त्याच्या पोस्टाप्रमाणं वेगळा असू शकतो. शेतवस्तीवर राहणाऱ्यांसाठी टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. चार मीटर बाय चार मीटर एवढ्या जागेला दहा अक्षर-आकड्यांचा एक संकेत. तो पिनकोडच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आहे.

गावातलं शाखा पोस्ट दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं. स्पीड पोस्ट तिथंही होतं, त्यासाठी तालुक्याला भाडं घालून जायची गरज नाही. सकाळी वेळ विचारून घ्यावी, पाकीट चिकटवून आणि नंबर लिहूनच जावं. मिळालेल्या पावतीवर 'ई' या इंग्रजी अक्षरानं सुरू होणारा नंबर असतो. इंडिया पोस्टच्या वेबसाइटवर तो टाकला की पाकीट कुठं आहे ते दिसतं. पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा आणि पाकीट पोहोचल्याचं पान दिसलं की त्याची प्रिंट अर्जाच्या झेरॉक्सला टाचून ठेवा.