वायुवीजन नळी (सांडपाणी)

वायुवीजन नळी (प्रचलित नाव: व्हेंट पाइप) ही इमारतीतील मैलापाणी व सांडपाण्याच्या नळ्यांना जोडलेली आणि गच्चीच्या वर मोकळ्या हवेत उघडणारी नळी होय.

संडासाच्या भांड्यातील वक्र भागात व न्हाणीघरातील जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारणतः ५० मिलिमीटर खोलीचे पाणी साचून राहते. हे पाणी गटारातील वायू घरात येऊ देत नाही. या वायूंपैकी हायड्रोजन सल्फाइड विषारी, तर मिथेन ज्वलनशील असतो. अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये पेटंट घेतलेल्या शौचकूपात अशी वक्र नळी होती.

वरच्या मजल्यावरून पाणी वेगाने खाली येताना नळीतील हवेचा दाब बदलतो. त्यामुळे ट्रॅपमधील पाणी ओढले जाते किंवा उसळते. वायुवीजन नळी बाहेरील हवेशी संपर्क ठेवून हा दाब समतोल राखते आणि दूषित वायू छताच्या वर सोडते.

पुण्यातील कोथरूडमध्ये जुन्या बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा इमारतींत एकाच उभ्या नळीला अनेक मजले जोडलेले असल्याने वायुवीजन अधिक महत्त्वाचे ठरते. गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालताना नळी छपराखालीच राहिल्यास दुर्गंधी तेथे कोंडते. तोंड बुजवल्यास ट्रॅपमधील पाणी टिकत नाही. मैलाटाकीत डासांची पैदास होऊ नये म्हणून नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधतात. तीतून हवा खेळती राहते.